गिबन नावाचा घोळ आणि आपला हुलॉक

बिनशेपटीच्या छोट्या कपीला जगभर गिबन म्हणतात, पण हा शब्द मुळात कुठला, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. रूढ केला तो फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँने, १७६६ साली. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याने पूर्वेकडून आणलेला प्राणी याच नावाने आपल्याला दिला, असं ब्युफाँ लिहितो. आधी त्याला हा शब्द भारतीय वाटला. मग ग्रीक लेखक स्ट्रॅबोकडचं एका माकडाचं नाव, ‘कैपोन’, त्याला सापडलं आणि गिबन त्यावरूनच आला असावा, असं त्याने मानलं.

मला हे पटत नाही. स्ट्रॅबोचं ते माकड इथिओपियाकडचं. गिबनची वस्ती ईशान्य भारतापासून जावा-बोर्निओपर्यंत, आफ्रिकेत तो कधीच नव्हता. त्या ग्रीक शब्दाचं आपल्या ‘कपि’शी आणि हिब्रू ‘कोफ’शी नातं जोडतात, ते मात्र जास्त विचार करण्यासारखं आहे.

भारतात रानात आढळणारा कपी म्हणजे हुलॉक, हाही एक गिबनच, आणि त्याच्या नावाचा माग सरळ लागतो. बंगालीत उल्लुक, असमियात हलौ बांदर. सकाळी नर-मादी जोडीने घालतात ती ‘हु-कू, हु-कू’ अशी साद ऐकली की नाव त्यावरूनच पडलं असणार असं वाटतं. १८३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या रिचर्ड हार्लनने गारो टेकड्यांतल्या हुलॉकचं वर्णन केलं आणि तिथलंच नाव उचललं: सिमिया हुलॉक.

पुढे प्रजाती (जीनस), म्हणजे शास्त्रीय जोडनावातला पहिला शब्द, बदलत गेली. आधी हायलोबेटिस, म्हणजे ‘रानात फिरणारा’. पण त्या गटाची गुणसूत्रं ४४, हुलॉकची ३८, म्हणून त्याला वेगळं काढावं लागलं. तेव्हा चीनमध्ये सापडलेल्या एका जीवाश्म जबड्याचं नाव, ब्युनोपिथेकस, त्याला लावलं गेलं. तो जबडा हुलॉकच्या गटातला नाही, हे संशोधक मूटनिक आणि ग्रोव्ह्ज यांनी दाखवलं आणि २००५ मध्ये हुलॉक हीच नवी प्रजाती केली. म्हणून पश्चिमी हुलॉकचं आजचं नाव हुलॉक हुलॉक. अशी पुनरुक्ती प्राणिशास्त्रात चालते, वनस्पतिशास्त्रात नाही.

जुने अहवाल शोधताना हायलोबेटिस, ब्युनोपिथेकस आणि हुलॉक ही तिन्ही प्रजातिनावं घालून पाहा, नाहीतर अर्धी माहिती निसटते. नावापुढे ‘हार्लन, १८३४’ लिहायचं ते कंसात. मूळ प्रजाती बदलली आहे, हे त्या कंसातूनच कळतं. कंस गाळला तर हार्लननेच ‘हुलॉक हुलॉक’ हे जोडनाव दिलं, असा चुकीचा अर्थ होतो.