हन्नुकुरूच्या झोपडीतला मुक्काम

एस्पोत राहायला येऊन चार वर्षं झाली, पण फिनलंडचं जंगल अंगावर घेतलं ते गेल्या सप्टेंबरात, लॅपलंडमधल्या हेट्टा ते पल्लास या 55 किलोमीटरच्या वाटेवर. तिथे मुक्काम 'आउतिओतुपा'त करायचा. ही सरकारी वनसंस्थेने सांभाळलेली लाकडी झोपडी. कुलूप नाही, भाडं नाही, आधी नाव नोंदवायचं नाही. एक रात्र राहा, फार तर दोन.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही दोघं हन्नुकुरूला पोचलो तेव्हा पावसाने बूट आतपर्यंत भिजले होते. बोटं इतकी बधिरलेली की सॅकचे पट्टे सुटेनात. झोपडी रिकामी, गार. पण लोखंडी शेगडीशेजारी कुणीतरी बर्चची साल आणि बारीक ढलप्या नीट रचून ठेवल्या होत्या. ते बघूनच मला भरून आलं.

साल लगेच पेटली आणि दोन मिनिटांत खोलीभर धूर झाला. डोळे चुरचुरायला लागले. तेवढ्यात दार उघडून एक साठीतले गृहस्थ आत आले, आणि पाठीवरचं ओझंही न उतरवता त्यांनी धुराड्यातली झडप ओढली. आधीच्या लोकांनी ऊब टिकावी म्हणून ती बंद केलेली असते, पेटवण्याआधी उघडायची असते. आणि निखारे पूर्ण काळे पडल्याशिवाय लावायची नाही, नाहीतर विषारी वायू झोपेतच जीव घेतो. हे त्यांनी दोनदा बजावलं.

रात्रीपर्यंत फळ्यांवर दाटीवाटीने माणसं झोपली. साडेनऊला दार वाजलं. एक बाई आणि तिचा दहा-बारा वर्षांचा मुलगा, दोघंही चिंब. इथला रिवाज असा की शेवटी येणाऱ्याचा हक्क पहिला. जागा नसेल तर आधी आलेल्याने उठायचं. आधी आलेलो आम्हीच. खरं सांगते, उबेतून उठणं जिवावर आलं होतं. पण तो मुलगा शेगडीपुढे हात धरून उभा राहिला, त्याचे ओठ निळे पडलेले. नवऱ्याने काही न बोलता तंबू बाहेर काढला.

रात्र थंडीत गेली. सकाळी आत गेलो तर त्या बाईने आमच्यासाठी ओटची गरम लापशी झाकून ठेवली होती.

सगळे निघून गेल्यावर आम्ही थांबलो. कचरा सॅकमध्ये भरला, कारण तिथे कचरापेटी नसते. पाहुण्यांच्या वहीत नावं, तारीख आणि पुढचा मुक्काम 'नम्मलाकुरू' लिहिला. कुणी हरवलं तर शोधणारे हीच वही पाहतात. मग सरपणाच्या खोपटातून ओंडका आणून मी त्याच्या बोटाएवढ्या ढलप्या काढल्या आणि बर्चच्या सालीसकट शेगडीशेजारी त्याच जागी रचल्या. भिजून आलेल्याला एका काडीत पेटवता येईल इतक्या.