शांतिनिकेतनात घरगुती मुक्काम: आधी स्वयंपाकघराचं घड्याळ, मग उत्तरायण

शांतिनिकेतनात हॉटेलं भरपूर आहेत, रिसॉर्टही झाली आहेत. तरी राहायचं ते एखाद्या बंगाली कुटुंबाच्या घरी, असं माझं ठाम मत आहे. मात्र दिवस त्या घराच्या स्वयंपाकघराच्या घड्याळावर चालणार, हे आधीच मान्य करून जावं. स्थळांची यादी त्या घड्याळात बसवायची. उलटं करणारे पाहुणे दुपारी साडेतीनला दमून परततात, तेव्हा भात गार झालेला असतो आणि घर झोपलेलं असतं.

मुंबईहून जायला गीतांजली एक्स्प्रेस. गाडीचं नाव रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहावरून, आणि १९७७ साली ती वर्गभेद नसलेली गाडी म्हणून सुरू केली ती आपल्या मधु दंडवत्यांनी, रेल्वेमंत्री असताना. आता तिला एसी डबे आहेत. सीएसएमटीहून ती पहाटे सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोहोचते. पुढच्या गाडीसाठी मध्ये किमान तीन तास ठेवा. बोलपूरच्या काही गाड्या हावड्याहून सुटतात, काही सियालदहहून, आणि ही दोन स्टेशनं हुगळीच्या दोन काठांवर आहेत. तिकिटावरचं स्टेशन नीट वाचलं नाही, तर हावडा ब्रिजवरच्या रहदारीत गाडी चुकते. सगळ्यात सोयीचं म्हणजे रात्र कोलकात्यात काढून सकाळी दहाच्या सुमारास हावड्याहून सुटणारी शांतिनिकेतन एक्स्प्रेस धरायची. साधारण अडीच तासांत बोलपूर येतं, म्हणजे जेवायच्या वेळेला माणूस घरी. गाडीत बसल्यावर यजमानांना फोन करा. तुमच्या वाटचे तांदूळ त्यानंतरच चुलीवर चढतात.

बोलपूरच्या पुढचं स्टेशन प्रांतिक. सोनाझुरीकडच्या घरांना ते जवळ पडतं, पण सगळ्या एक्स्प्रेस गाड्या तिथे थांबत नाहीत. स्टेशनबाहेर ई-रिक्षा मिळते. तिला इथे सगळे ‘टोटो’ म्हणतात. भाडं किती द्यायचं हे आधी यजमानांनाच विचारा, आणि बहुतेक घरांचा एक ठरलेला टोटोवाला असतो, तोच बोलावून घ्या. रात्री नऊनंतर टोटो मिळणं कठीण होतं. बाहेर जेवायचा बेत असेल, तर परतीची सोय आधी करायची.

घर निवडताना पल्ली बघा. पल्ली म्हणजे आपली आळी किंवा वाडी. पहिल्यांदाच जात असाल तर पूर्वपल्ली किंवा रतनपल्ली. तिथून रवींद्रनाथांची घरं, विश्वभारती विद्यापीठाचा कलाविभाग म्हणजे कलाभवन, आणि छातिमतला, म्हणजे सप्तपर्णीच्या झाडाखालची ध्यानाची जागा, सगळं पायी होतं. सोनाझुरीत झाडी सुंदर, पण शनिवार-रविवारी मोटारींची रांग आणि रात्री शेजारच्या रिसॉर्टातलं संगीत. बोलपूर गावात मात्र राहू नका, ती बाजारपेठ आहे.

आता पाटीबद्दल. ‘होमस्टे’ अशी पाटी असलेली बरीच घरं कोलकातावाल्यांची दुसरी घरं असतात. मालक सणावारी येतो, एरवी केअरटेकर किल्ली देतो आणि जेवण बाहेरून मागवतो. ही राहायची जागा वाईट नसते, पण ते कुटुंबाकडे राहणं नव्हे. फोनवर तीन प्रश्न विचारा. घरची माणसं त्याच घरात राहतात का? स्वयंपाक घरातल्याच चुलीवर होतो का? आणि रात्री मासा सांगितला तर सकाळी बाजारातून आणाल का? तिसरा प्रश्न खरी परीक्षा घेतो. खरं घर असेल तर उत्तराऐवजी उलट प्रश्न येतो: रुई चालेल की पाबदा? दरात जेवण धरलंय का, हेही तेव्हाच विचारा. साधारणतः थाळीचे पैसे माणशी वेगळे असतात आणि इलिश किंवा मोठी चिंगडी, म्हणजे कोळंबी, सांगितली तर त्याचे जास्तीचे.

पोहोचल्यावर मराठी माणूस पहिली चूक करतो ती हाक मारताना. यजमानीणबाईंना ‘काकू’ म्हणू नका. बंगालीत काकू म्हणजे काका. बाईंना ‘काकिमा’ म्हणा, वयाने मोठ्या असतील तर ‘माशिमा’; ही आपली मावशीच. कुणी ‘जल खाबेन?’ विचारलं तर पाणी हवंय का, एवढाच अर्थ. बंगालीत पाणी खातात, चहा खातात आणि सिगारेटही खातात. नाश्त्याला ‘जलखाबार’ म्हणतात. तुम्ही महाराष्ट्रातले हे कळल्यावर एखादे आजोबा हसून ‘बोर्गी!’ म्हणतील. रागवू नका. १७४२ पासून दहाएक वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, त्या बारगिरांवरून हा शब्द आला. बाळ झोपलं, गाव शांत झालं आणि देशात बोर्गी आले, आता शेतसारा कसा भरायचा, अशा अर्थाची अंगाई बंगाली घरांत आजही म्हटली जाते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातलं ते पान इथे पाळण्यावर ऐकू येतं.

दिवस असा चालतो. सातला चहा. साडेआठ-नऊला जलखाबार, बहुधा लुची आणि पांढरी बटाट्याची भाजी. लुची आपल्या पुरीसारखी दिसली तरी ती मैद्याची असते, आणि पिठात घालायच्या तेलाला ते ‘मोयान’ म्हणतात, आपलं मोहनच. वाटीभर मैद्याला चमचाभर मोहन, लाटताना पीठ न लावता तेलाचं बोट, आणि तळून झाल्यावर पांढरीच राहायला हवी. तांबूस झाली तर तेल जास्त तापलं, असं समजतात. दुपारचं जेवण दीड ते दोन. मग घर झोपतं. जेवणानंतरच्या या झोपेला ‘भातघुम’ असा खास शब्द आहे, त्या दोन तासांत गरम पाणी, इस्त्री, चहा काहीही मागायचं नाही. साडेपाचला चहा आणि मुडी, म्हणजे चुरमुरे, त्यावर कच्चं मोहरीचं तेल, कांदा, मिरची. भडंग खाणाऱ्याला हे लगेच आवडतं. संध्याकाळी सहाच्या आत एक प्रश्न येईल: रात्री रुटी की भात? लगेच उत्तर द्या, कणीक त्यावर मळली जाते. रात्रीचं जेवण साडेनऊच्या आधी क्वचितच.

दुपारच्या जेवणात आपलं ताट विसरा. आपल्याकडे डावं-उजवं सगळं एकदम वाढतात आणि माणूस हवं तसं फिरत खातो. इथे पदार्थ क्रमाने येतात आणि प्रत्येकाबरोबर थोडा थोडा भात. पहिलं शुक्तो: कारलं, कच्चं केळं, शेवगा, वांगं, रताळं, डाळीच्या वड्या आणि शेवटी थोडं दूध. कडू पदार्थ पहिला आणि फक्त दुपारीच. मग डाळ आणि तिच्याबरोबर काहीतरी तळलेलं, बहुधा वांग्याचे काप. मग भाजी. मग मासा. शेवटी चटणी, जी गोड असते: टोमॅटो, खजूर, आंब्याची पोळी. पापड चटणीबरोबर येतो. त्यानंतर मिष्टी दोई. चुकतं ते इथे: भूक लागलेली असते, डाळीवरच अर्धा भात संपतो, आणि मासा येतो तेव्हा पोट भरलेलं असतं. दुसरी चूक म्हणजे शेवटी दहीभात कालवायला जाणं. ते दही गुळासाखरेचं आहे. साधं हवं असेल तर आदल्या दिवशी ‘टॉक दोई’ सांगून ठेवा.

समुद्राचे मासे खाणाऱ्याने गोड्या पाण्याच्या माशाशी सावध राहावं. पापलेट-सुरमईचा एक मधला काटा काढला की काम झालं. रुई-कातल्याच्या पाठीच्या तुकड्यात मात्र दुहेरी फाटे असलेले बारीक काटे असतात. त्या तुकड्याला ‘गादा’ म्हणतात. पोटाकडचा तुकडा ‘पेटी’; त्यात काटे मोठे आणि मोजके. वाढताना ‘पेटी’ म्हणा, कुणाला वाईट वाटत नाही. तुकडा भातात कुस्करायचा नाही. बोटांनी थोडा सोडवायचा, काटा चाचपायचा, मगच घास.

शाकाहाऱ्यांनी ‘व्हेज’ म्हणून थांबू नये. ‘निरामिष’ म्हणावं. नुसतं व्हेज म्हटलं की मासा वाढत नाहीत, पण मुगाच्या डाळीत किंवा कोबीच्या भाजीत माशाचं डोकं असू शकतं. त्यांच्या लेखी ती डाळ आणि ती भाजीच असते. ‘निरामिष’ म्हटलं की सगळं स्पष्ट होतं, उलट कांदा-लसूणही जातो. अंडं चालत असेल तर वेगळं सांगा. मग धोकार डालना, म्हणजे वाटल्या डाळीच्या वड्यांचा रस्सा, केळफुलाची भाजी, छेन्याच्या गोळ्यांचा रस्सा असं एकेक सुरू होतं आणि मासेखाऊ शेजारी तुमच्या वाटीकडे बघायला लागतात.

बीरभूममधल्या, म्हणजे शांतिनिकेतनाच्याच जिल्ह्यातल्या, घरात राहून आलू-पोस्तो न खाणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन रस्सा न खाणं. पोस्तो म्हणजे खसखस. आपण अनारशाला चिमूटभर लावतो, इथे चौघांना पन्नास ग्रॅम लागते. अफूची लागवड देशात परवान्याने आणि मोजक्याच राज्यांत होते, त्यामुळे खसखस महाग. म्हणून हा पदार्थ साधा दिसला तरी पाहुण्यांसाठीचा आहे. खसखस अर्धा तास कोमट पाण्यात भिजवायची, दोन हिरव्या मिरच्यांबरोबर पाट्यावर वाटायची. पाट्या-वरवंट्याला इथे ‘शिल-नोडा’ म्हणतात. मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून फिरवली तर दाणा अख्खाच राहतो आणि रस्सा दुधाळ पण पचपचीत होतो. पाणी चमचा-चमचा घालायचं. तीन चमचे मोहरीचं तेल धूर येऊन फिकं होईपर्यंत तापवायचं, नाहीतर उग्र वास राहतो. आच कमी करून अर्धा चमचा कलौंजी, मग चार बटाट्यांच्या फोडी. फोडी कडेने पारदर्शक झाल्या की वाटण, मीठ, चिमूटभर साखर, कपभर पाणी, झाकण. हळद नाही. पाणी आटून वाटण फोडींना चिकटलं की उतरवायचं, वरून चमचाभर कच्चं तेल आणि चिरलेली मिरची. बरोबर उडदाची पातळ डाळ, बडीशेप आणि आल्याच्या वाटणाची. काकिमांना आदल्या रात्री सांगितलंत तर वाटताना बघायलाही मिळतं.

आता बघायचं काय. जलखाबार ते दुपारचं जेवण या चार तासांत उत्तरायण हे संकुल: उदयन, कोणार्क, श्यामली, पुनश्च, उदीची ही रवींद्रनाथांची पाच घरं. १९३५ साली बांधलेली श्यामली छपरासकट मातीची. रवींद्र भवनाच्या संग्रहालयातलं नोबेल पदक २००४ साली चोरीला गेलं, आता तिथे प्रतिकृती आहे. बुधवार विश्वभारतीचा सुट्टीचा दिवस, त्या दिवशी संग्रहालय बंद. मात्र सकाळी १८९१ सालच्या काचेच्या मंदिरात उपासना होते. जाता आलं तर पांढरे कपडे, मोबाइल बंद. २०२३ साली युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून गर्दी वाढली आहे आणि आवारात कुठे, केव्हा सोडतात याचे नियम वारंवार बदलतात. ताजी खबर घरच्यांकडे असते, कारण त्यांच्या ओळखीचं कुणी ना कुणी विद्यापीठात असतंच. झाडाखालचे वर्ग चालू असतील तर फोटो काढू नका.

कलाभवनात रामकिंकर बैज यांचं ‘संथाल कुटुंब’ हे शिल्प, १९३८ सालचं. सिमेंटमध्ये इथलेच तांबडे खडे मिसळून केलेलं. कोकणातला जांभा ज्यांनी हाताळलाय त्यांना तो खरखरीतपणा ओळखीचा वाटेल. बीरभूमची जमीन त्याच जातीची, पावसाने कापलेल्या तिच्या घळींना ‘खोआई’ म्हणतात. पांढरे बूट घालू नका.

भातघुमनंतर सोनाझुरीचा हाट. तो मुळात शनिवारचा, आता जवळजवळ रोज भरतो, पण शनिवारी गर्दी कोलकात्याची. काथा भरतकामाची साडी घेताना उलटी बाजू बघा. हाताचा धावदोरा किंचित कमी-जास्त असतो आणि मागे गाठी दिसतात; टाके अगदी समान असतील तर मशीन किंवा नुसती छपाई. शांतिनिकेतनी चामड्याच्या पर्सवर ठसा खोल उठलेला हवा, रंग घडीवर तडकलेला नको. घाई नसेल तर बल्लभपूरच्या ‘आमार कुटीर’ या सहकारी संस्थेच्या दुकानात जा, तिथे घासाघीस नाही. बाऊल, म्हणजे इथले फिरते लोकगायक, गात असतील तर ऐकून झाल्यावर पैसे ठेवा, अर्ध्यात रेकॉर्डिंग करून उठू नका.

कधी जायचं? नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी. जानेवारीत रात्री बोचरी थंडी पडते. घरात जाड रजई मिळते, तिला ‘लेप’ म्हणतात. हिवाळ्यात खजुराचा नोलेन गूळ असतो, पायेश, म्हणजे खीर, त्याचीच मागा. एप्रिल-मे टाळा. सात पौषाला, साधारण २२-२३ डिसेंबरला, सुरू होणारा पौष मेळा आणि होळीचे दिवस असतील तर खोल्या महिनोन्‌महिने आधी जातात, दर चढतात, आणि घरची माणसं स्वतःच्या नातेवाइकांत बुडालेली असतात. विद्यापीठाचा वसंतोत्सव आता पूर्वीसारखा सर्वांना खुला नसतो, हेही ध्यानात ठेवा. गुरुवारी दुपारी पोहोचून सोमवारी सकाळी निघणं उत्तम. रविवारी संध्याकाळच्या हावड्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

मच्छरदाणी संध्याकाळी दिवे लागायच्या आधीच सोडून गादीखाली खोचायची, हे घरचं कुणीतरी करून जातं. नंतर तुम्ही वारं लागत नाही म्हणून एक बाजू वर केलीत, की रात्र गेली. निघताना हिशोब शक्यतो आदल्या रात्री करा. सकाळी दारात पैशांचं बोलणं त्यांना अवघड होतं. उंबऱ्यावर ‘जाई’ म्हणायचं नसतं, ‘आशी’ म्हणायचं. जायला निघालेला माणूस ‘येतो’ म्हणतो, ते मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.