गोष्ट त्यांची, सांगणारा भलताच

मुख्य प्रवाहातल्या चित्रपटांनी समलिंगी पात्रांची टिंगल केली, ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. पण हे चित्रपट पुन्हा पाहताना मला टिंगलीपेक्षा दुसरेच काही खटकत आले आहे. पात्र गे किंवा लेस्बियन असले, तरी गोष्ट बहुधा त्याची नसते. त्याला पाहून हादरणाऱ्या, नाक मुरडणाऱ्या, फार तर त्याला समजून घेणाऱ्या दुसऱ्याच कोणाची तरी ती असते.

विनोदातसुद्धा हेच घडते. 'कल हो ना हो'मधली (२००३) कांताबेन नको त्या वेळी खोलीत येते, दोन मित्रांना पाहून भलताच अर्थ काढते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो. म्हणजे हशा पिकतो तो पाहणारीच्या धक्क्यावर. 'दोस्ताना'त (२००८) दोन पुरुष भाड्याने घर मिळावे म्हणून गे जोडपे असल्याचे सोंग आणतात. जागेच्या अडचणीपायी पुरुषांनी सोंग घेणे आम्हां पुणेकरांना नवे नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आमच्याकडे अनेकांना तोंडपाठ आहे. पण सुधा आणि पार्वती पाहताना आपण सोंग उघडे पडण्याच्या भीतीला हसतो, तर 'दोस्ताना'त, दोन पुरुषांचे एकमेकांवर प्रेम असू शकते या कल्पनेलाच. पुण्यातल्या ज्या थिएटरात मी तो पाहिला, तिथे किरण खेर यांनी रंगवलेली आई 'सुने'ला बांगड्या देते त्या प्रसंगाला लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. गंमत म्हणजे, त्या चित्रपटात मुलाला मनापासून स्वीकारण्याचा तोच काय तो एक प्रसंग आहे, आणि तोही खोट्या नात्यासाठी खर्ची पडला आहे.

गंभीर चित्रपटांची तऱ्हा वेगळी नाही, फक्त पाहणारा अधिक सुसंस्कृत आहे. 'उंबरठा'त (१९८२) महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांचे नाते दाखवले, हे त्या काळी मोठेच धाडस होते, आणि जब्बार पटेल व पटकथाकार विजय तेंडुलकर यांना त्याचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही त्या दोघी आपल्यासमोर येतात त्या अधीक्षक सुलभा महाजनपुढचा एक प्रश्न म्हणून. एकांतात त्या एकमेकींशी काय बोलत असतील, हे आपल्याला कधीच कळत नाही. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकातसुद्धा समलिंगी सुमित्राची कहाणी तिचा मित्र बापू सांगतो. अमोल पालेकरांच्या 'थांग'मध्ये (२००६) नवऱ्याचे पुरुषाशी असलेले नाते पत्नीला कळते आणि चित्रपट पत्नीच्या मागोमाग जातो. तिचे दुःख खरे आहे, मृणाल कुलकर्णींनी ते संयमाने उभे केले आहे, आणि अशा लग्नात होरपळणाऱ्या स्त्रीची बाजू मांडणे आवश्यकच होते. माझा आक्षेप एकट्या 'थांग'वर नाही. दहापैकी नऊ चित्रपट पत्नी, आई किंवा मित्र यांच्याच खांद्यावरून पाहतात, यावर आहे. 'कपूर अँड सन्स'मध्येही (२०१६) आईला बसलेला धक्का आपण जवळून पाहतो, मुलाचे प्रियकरासोबतचे जगणे मात्र पडद्याबाहेरच राहते.

दीपा मेहतांच्या 'फायर'मध्ये एकमेकींवर प्रेम करणाऱ्या राधा आणि सीता या जावांची गोष्ट त्यांचीच होती, आणि नेमक्या त्याच चित्रपटाच्या खेळांवर डिसेंबर १९९८मध्ये मुंबईत हल्ले झाले. हा मला योगायोग वाटत नाही.

या सगळ्यात प्रा. सिरस यांच्यावरच्या 'अलीगढ' या चित्रपटापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. प्रा. रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत; त्यांच्या 'पायाखालची हिरवळ' या कवितासंग्रहाला २००२मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. टिळक रस्त्यावरच्या परिषदेच्या इमारतीवरून आपण रोज जातो, पण या कवीचे नाव आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत २०१०मध्ये समलिंगी संबंधांवरून झालेल्या निलंबनाच्या बातमीतून पोहोचले, हेही एका परीने दुसऱ्याच्या नजरेतून पाहणेच झाले. हंसल मेहतांच्या चित्रपटातही एक पत्रकार आहे, त्याचा शोध आहे, न्यायालय आहे. मात्र मध्येच एका रात्री सिरस घरी एकटेच बसतात, हातात दारूचा ग्लास असतो आणि लताबाईंचे 'आपकी नजरों ने समझा' सुरू असते. मनोज बाजपेयी डोळे मिटून, किंचित मान हलवत, मध्येच आपलाही सूर मिसळत ते ऐकतात आणि दिग्दर्शक ते गाणे तोडण्याची घाई करत नाही. कोणालाही काही सिद्ध करून दाखवायचे नसलेला, गाण्यात रमलेला एक उतारवयातला मराठी माणूस तिथे दिसतो. त्याच घरात लोक कॅमेरा घेऊन घुसले होते, हे ठाऊक असल्यामुळे हा निवांतपणा अधिकच लागतो.

अलीकडे चित्र बदलते आहे, आणि ते केवळ समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी लागला म्हणून नव्हे. 'बधाई दो'मधल्या (२०२२) सुमीला प्रेयसी हवी आहे, दत्तक मूलही हवे आहे, आणि चित्रपट तिच्या इच्छेने पुढे सरकतो. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्येही तनय स्वतःचे प्रेम स्वतःच सांगतो; मूळ मराठी कादंबरीतले जोशी कुटुंब पडद्यावर मात्र केरळात, फोर्ट कोचीला राहायला गेले, याची मला पुणेकर म्हणून थोडी रुखरुख आहे. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दिवसांसाठी गावी आलेला आनंद, सुतकाचे नियम, लग्नाचे विचारणारे नातेवाईक आणि बालपणीचा मित्र बाळ्या, एवढाच त्याचा ऐवज आहे. तिथे आनंदला आपण कोण आहोत हे उमगायचे राहिलेले नाही आणि आईलाही ते ठाऊक आहे, त्यामुळे धक्का, रडारड आणि कबुलीजबाब यांत जाणारा वेळ वाचतो आणि तो दोन माणसांच्या जवळ येण्याला मिळतो.

स्त्रियांच्या वाट्याला हे अजून फारसे आलेले नाही. रवी जाधवांच्या 'मित्रा' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तो स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या काळात घडतो. आजच्या पुण्यात, कोथरूडच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात एकत्र राहणाऱ्या, डबा भरण्यावरून वाद घालणाऱ्या आणि महिन्याच्या हप्त्याची काळजी करणाऱ्या दोन मराठी बायकांचा चित्रपट कोणी केला, तर त्यात शेजारच्या काकूंना एखादे दृश्य जरूर द्यावे, पण गोष्ट त्यांच्या हाती सोपवू नये.