ग्लिएरच्या पठारावर

आज जिनिव्हाहून निघून फ्रान्सच्या ओत-सावुआ भागातील, सुमारे १४४० मीटर उंचीवरच्या ग्लिएर पठारावर गेलो. १९४४ च्या जानेवारीअखेरीस, ब्रिटिश विमानांतून टाकली जाणारी शस्त्रे ताब्यात घेण्यासाठी, फ्रेंच लष्करी अधिकारी टॉम मोरेल यांच्या नेतृत्वाखाली, जर्मन ताब्याविरुद्ध लढणारे प्रतिकारक इथे बर्फात जमले होते. त्यांत यादवी युद्धात हरून आपला देश गमावलेले स्पॅनिश प्रजासत्ताकवादीही होते. मार्चअखेरीस जर्मन सैन्य चालून आले, तेव्हा मोरेल आधीच मारले गेले होते.

त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले एमील जिलिओली यांचे काँक्रीटचे शिल्प, ज्याचे उद्घाटन १९७३ साली फ्रेंच लेखक आंद्रे मालरो यांनी केले, मला दुरून अगदीच परके वाटले, कारण स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अश्वारूढ पुतळाच येतो. इथे मात्र ना बंदूक, ना चेहरा; आहेत ते केवळ दोन असमान पंख आणि त्यांच्यात तोललेली एक चकती. जवळ गेल्यावर जाणवले की, आखूड पंख मोडल्यासारखा दिसतो आणि लांब पंख मागच्या कड्यांशी उंचीची स्पर्धा न करता आभाळाकडे झेपावतो. आतल्या अर्धवट अंधाऱ्या दालनात बराच वेळ बसून राहिलो. बाहेर आलो तेव्हा वारा सुटला होता आणि खालच्या कुरणातून गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या.