आमची वाटचाल : फोंड्याहून भट्टीपर्यंत

गोव्यात 'आम्ही ब्लॉकचेनचं काम करतो' म्हटलं की समोरचा आधी खिसा सांभाळतो. "म्हणजे ते कॉईन ना?" हा प्रश्न मला लग्नात विचारलाय, जत्रेत विचारलाय, मामलेदार कचेरीच्या रांगेतसुद्धा विचारलाय. कॉईन म्हणजे बिटकॉइनसारखं आभासी चलन, ते आम्ही कधी काढलं नाही आणि विकलंही नाही. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेली, मागचं पान बदलता न येणारी सामायिक नोंदवही, आणि आम्ही तिच्यात फेणीच्या बाटल्यांची नोंद ठेवतो. ज्यांनी विकलं त्यांना शाली मिळाल्या आणि त्यांच्या नावाने लोकांचं बोलणं आम्ही खाल्लं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

२०१७ साली फोंड्यात सुरुवात केली तेव्हा आम्ही दोघेच होतो, मी आणि फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला माझा वर्गमित्र. दिवसा हॉटेलांची बिलिंग सॉफ्टवेअरं, रात्री सॉलिडिटी, म्हणजे इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवरचे प्रोग्रॅम लिहायची भाषा. असे प्रोग्रॅम तपासायला आजच्या मुलांना हार्डहॅट आयतं मिळतं. आमच्या वेळी ट्रफल आणि गनाश. गनाश म्हणजे स्वतःच्याच लॅपटॉपवर चालणारी खोटी चेन, दहा खाती आणि प्रत्येकात खोटे शंभर इथर (इथेरियमचं चलन). त्या खोट्या श्रीमंतीत आम्ही कितीतरी रात्री काढल्या. २०२३ मध्ये ट्रफल आणि गनाश दोन्ही गुंडाळणार अशी घोषणा झाली, तेव्हा घरातलं जुनं माणूस गेल्यासारखं वाटलं. त्याच सुमाराला रॉप्स्टेन आणि रिंकबी ही इथेरियमची टेस्टनेटंही (सरावाच्या चेन) इतिहासजमा झाली.

२०१८ ने आम्हाला जवळजवळ संपवलं. मार्चच्या मध्यावर गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि ट्रकवाल्या, बार्जवाल्या गिऱ्हाइकांची बिलं अडकली. त्यातून सावरतोय तोवर ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं : आभासी चलनाचा धंदा करणाऱ्यांना बँकांनी सेवा देऊ नये. आम्ही कुठे चलनाचा धंदा करत होतो? पण आमच्या लेटरहेडवर 'ब्लॉकचेन' हा शब्द होता. बँकेने (नाव घेत नाही, रोज त्याच रस्त्याने जातो) आधी खुलासा मागवला, मग करंट खातं बंद केलं. पगार वडिलांच्या बचत खात्यातून काढले. मित्र दुबईला गेला. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. बँकेतून साधा फोनही आला नाही.

मधली दोन वर्षं हॉटेल सॉफ्टवेअरवर काढली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता आमचे भट्टीवाले दादा. सत्तरी तालुक्यातलं काजूचं भाट (बाग) आणि फेणीची वडिलोपार्जित भट्टी. काजू फेणीला २००९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पण किनाऱ्यावरच्या दुकानात भेसळीची बाटली 'अस्सल' म्हणून विकली जातेच, आणि हा त्यांचा जुना राग. मी त्यांना सांगितलं, प्रत्येक बाटलीवर क्यूआर लावू, मागची नोंद चेनवर ठेवू, कोणी बदलू शकणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मीच आत मळीचं स्पिरिट ओतलं आणि फेणी म्हणून लिहिलं, तर तुझी चेन ओरडणार काय?"

नाही ओरडणार. लिहिलेलं बदललं नाही एवढंच चेन सांगते, लिहिलेलं खरं होतं की नाही हे तिला कळत नाही. परिषदांमध्ये यावर तासतास बोलतात, दादांनी ते भाणाजवळ (भट्टीवरच्या भांड्याजवळ) उभं राहून एका वाक्यात सांगितलं. मग आम्ही नोंदीची जागाच बदलली. ऑफिसात बसून कोणी भरायचं नाही. बोंडू (काजूची फळं) कोळंबीत, म्हणजे कुंडीत, तुडवतात तिथे पहिली नोंद, हुर्राक (पहिल्या धारेची दारू) लावणीत, म्हणजे धार धरायच्या मडक्यात, उतरला की दुसरी, फेणीचा ग्राव (कडकपणा) मोजला की तिसरी. फोटो, वेळ आणि ठिकाणासकट, आणि प्रत्येक नोंद वेगळ्या माणसाच्या फोनवरून. बाटल्या भरणारा आपली नोंद वेगळी करतो. चौघांनी मिळून खोटं बोलायचं ठरवलं तर ते होईलच, पण एकट्याचं काम नाही.

तिथे रेंज नाही. म्हणून नोंद फोनमध्येच राहते आणि दादांचा मुलगा वाळपईला गेला की वर जाते. २०२१ मध्ये इथेरियमवर एकेक व्यवहार हजारो रुपयांना पडायचा, एका बाटलीमागे एक व्यवहार केला असता तर फेणीपेक्षा गॅस (चेनवरच्या व्यवहाराची फी) महाग झाला असता. आम्ही दिवसभराच्या सगळ्या नोंदींचे हॅश (नोंदीच्या बोटाच्या ठशासारखा आखूड आकडा) घेऊन मर्कल ट्री बांधतो, म्हणजे ते जोडीजोडीने एकत्र करत एकच मूळ हॅश काढतो, आणि फक्त तो चेनवर टाकतो. दिवसाचा एक व्यवहार, तोही पॉलिगॉनवर. मुंबईत मॅटिक नावाने सुरू झालेली आपल्याच लोकांची चेन. तेव्हा हे सांगितलं की लोक म्हणायचे, "एवढंच?"

कारण त्याच वर्षी 'ते' आले. किनारपट्टीवरची कंपनी, काचेचं ऑफिस, नाव घेऊन फुकट जाहिरात करणार नाही. फेणीच्या पिंपामागे टोकन (चेनवरचं, विकता येणारं डिजिटल नाणं), आज घ्या, फेणी मुरेल तसा भाव चढेल. ट्रेसिंग (बाटलीचा माग काढणं) वगैरे त्यांच्या पत्रकात शेवटच्या पानावर. आमच्याकडचा एक पोरगा त्यांनी दुप्पट पगारावर उचलला. आम्ही दोन भट्ट्यांना दिलेलं कोटेशन त्यांच्या सादरीकरणात जसंच्या तसं दिसलं, आमच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. पणजीतल्या कार्यक्रमात त्यांना व्यासपीठावर खुर्ची, आम्हाला मागच्या रांगेत चहाचं कुपन. दादांकडेही ते गेले होते. आगाऊ पैसे देतो म्हणाले. दादा म्हणाले, "फेणी अजून बोंडूत आहे, तिचे पैसे आत्ताच कसले?"

त्यांची खरी गंमत कळंगुटला पाहिली. बाटली अस्सल आहे का हे बघायला पर्यटकाने आधी वॉलेट (टोकन ठेवायचं ॲप) उतरवायचं, त्याची किल्ली असलेले बारा शब्द कागदावर लिहून घ्यायचे, थोडं मॅटिक (पॉलिगॉनचं तेव्हाचं चलन) विकत घ्यायचं, मग वॉलेटमधून डिजिटल सही करायची. दुकानाच्या दारात, उन्हात, पोराला कडेवर घेऊन! दुकानदाराने शेवटी ते पोस्टर उलटं करून त्यावर भाव लिहिले. टोकन घेतलेल्यांपैकी कितीतरी जणांनी बारा शब्दांचा स्क्रीनशॉट काढला, फोन बदलला आणि टोकन कायमचं गेलं.

मग २०२२. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात आभासी चलनाच्या नफ्यावर तीस टक्के कर, जुलैपासून त्याच्या व्यवहारांवर एक टक्का टीडीएस, नोव्हेंबरात एफटीएक्स हा परदेशातला क्रिप्टो बाजार कोसळला. काचेचं ऑफिस रिकामं झालं. आणि ज्यांचे पैसे बुडाले ते कोणाकडे आले? फोंड्यात, आमच्याकडे. "तुम्ही पण तसलेच ना?" आमची अर्धी गिऱ्हाइकं त्या हिवाळ्यात गेली. दादा राहिले. मोसम संपल्यावर नेहमीसारखे आले, बिल चुकतं केलं आणि पुढच्या वर्षाचे आगाऊ ठेवून गेले.

नव्याने यात येणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. गिऱ्हाइकासमोर 'ब्लॉकचेन' उच्चारू नका. यूपीआय २०१६ साली आलं, आज मासळीवाली बाय पण वापरते, मागे कोणती यंत्रणा आहे हे तिने कधी विचारलं नाही. आणि यूपीआय काही विकेंद्रित नाही, एकाच संस्थेच्या हातात आहे, त्याने कोणाचं अडलंही नाही. जिथे एकाच संस्थेवर सगळ्यांचा विश्वास आहे तिथे साधा डेटाबेस द्या, स्वस्तात पडेल. भट्टीवाला, बाटली भरणारा, दुकानदार आणि अबकारी खातं एकमेकांकडे संशयाने बघतात, तिथेच चेनला काम आहे.

आता अवजारंही सुधारलीत. ईआरसी ४३३७ (वॉलेट कसं चालावं याचं इथेरियमचं नवं मानक) मार्च २०२३ पासून वापरात आलं, त्यामुळे वॉलेट म्हणजे एक कॉन्ट्रॅक्ट (चेनवर चालणारा प्रोग्रॅम) आणि गॅस पेमास्टरमार्फत, म्हणजे दुसऱ्याची फी भरणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमार्फत, आम्ही भरतो. दादांना फक्त ओटीपी येतो. डिजिटल सहीच्या किल्ल्या तीन, एक त्यांच्या फोनात, एक मुलाच्या, एक आमच्याकडे, आणि कुठल्याही दोन लागतात. आमचं ऑफिस उद्या बंद झालं तरी बापलेक मिळून नोंदी चालवू शकतात. तिन्ही किल्ल्या कंपनीकडे ठेवून 'विकेंद्रित' म्हणणारे मी पाहिलेत, आणि निविदाही त्यांनाच मिळतात. इथेरियमच्या मार्च २०२४ च्या डेनकुन अपग्रेडनंतर लेअर टूचे (इथेरियमवर टेकून चालणाऱ्या स्वस्त चेनचे) दर इतके उतरलेत की तिथेही एक प्रत ठेवायचा विचार आहे.

सध्या आमची सगळ्यात मोठी अडचण चेनची नाही, स्टिकरची आहे. बारमध्ये बाटली बर्फात ठेवली की थर्मल प्रिंटरवरचा क्यूआर तासाभरात सुटतो आणि ग्लासाला चिकटतो. बर्फ सोसणारं आणि रुपयाच्या आत पडणारं लेबल कोणी बनवत असेल तर कळवा, काजूचा मोसम सुरू व्हायच्या आधी.