लिव्हर उचलू नका: माझ्या पहिल्या पेन शोचा वृत्तांत

पेन शो म्हणजे शाईच्या पेनांचं प्रदर्शन आणि विक्री. सभागृहात शिरून जेमतेम वीस मिनिटं झाली होती आणि मी दुसऱ्याचं पेन बिघडवून ठेवलं होतं.

मखमलीच्या ट्रेमध्ये काळ्या एबोनाइटची (म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची) जुनी पेनं ओळीनं मांडलेली होती. त्यातलं एक मी उचललं. विचारूनच उचललं, तेवढी अक्कल होती. पण पोटावरची ती छोटीशी धातूची पट्टी दिसली आणि हाताला राहवेना. नख घालून ती वर केली. आतून ‘कट्’ असा कोरडा आवाज आला आणि पट्टी अर्ध्यावरच अडकली. टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेनाकडे. “त्याची नळी बदललेली नव्हती,” एवढंच त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ही पट्टी म्हणजे लिव्हर. वॉल्टर शेफरनं १९०८ साली पेटंट घेतलेली ही युक्ती. पेनाच्या पोटात रबराची नळी असते, लिव्हर उचलला की आतली पट्टी ती दाबते, सोडला की नळी फुगते आणि शाई ओढून घेते. पण रबर म्हातारं होतं. काही दशकं न वापरता पडून राहिलं की ते काचेसारखं कडक होतं. अशा वेळी जोर लावला की नळीचा चुरा होतो, लिव्हर वाकतो, कधी पेनाचं पोटही चिरतं. म्हणून जुनं पेन हातात घेतल्यावर पहिला प्रश्न एकच: “दुरुस्त केलेलं आहे का?” उत्तर ‘नाही’ असेल तर लिव्हर, बटण, मागची फिरकी, कशालाही हात लावायचा नाही. आणि टोपण फिरवून निघतं की ओढून, हेही विचारा. फिरकीचं टोपण ओढल्यानं फुटलेलं मी त्याच दुपारी पाहिलं. या खेपेला तो मी नव्हतो.

मुळात इथे यायचं कारण वेगळंच होतं. चार-पाच वर्षं मी पेनं पाहिली ती फक्त फोटोंत. कुठलं मॉडेल कुठल्या साली आलं हे तोंडपाठ, पण त्यातली निम्मी पेनं कधी हातात धरलेली नाहीत. येताना यादी करून आणली होती: पार्कर ५१, पार्कर व्हॅक्युमॅटिक, जमलं तर एखादं जुनं पेलिकन. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत यादी निकालात निघाली, कारण फोटो काय काय लपवतात ते तोवर कळलं होतं.

वजनाचंच घ्या. लॅमी २००० (१९६६चं डिझाइन) फोटोत दणकट दिसतं, हातात मात्र ते अगदी बेताचं आहे. पायलटचं कॅपलेस हे १९६३ पासून मिळणारं, बटण दाबून निब बाहेर काढायचं पेन. त्याची क्लिप निबच्याच बाजूला असते, म्हणजे लिहिताना नेमकी बोटांच्या मध्ये येते. माझ्या शेजारी उभ्या मुलीला ती कळलीही नाही, मला दोन ओळींत नकोशी झाली. असली गोष्ट कुठलंही परीक्षण वाचून ठरत नाही.

रंगाचंही तेच. हिरव्या जेड रंगाच्या सेल्युलॉइडची (हे जुन्या काळचं प्लॅस्टिक) पेनं फोटोत टोपणाच्या बाजूनं दाखवतात. हातात घेतलं की दिसतं, टोपण हिरवं आणि पोट तपकिरी. तो मळ नसतो. आतल्या रबरातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूनं सेल्युलॉइड आतूनच डागळतं आणि ते घासून जात नाही. एबोनाइटचं उलटं: ते उजेडानं आणि ओलाव्यानं वरून तपकिरी पडतं. एबोनाइट ओळखायची एक जुनी रीत एका काकांनी शिकवली: अंगठ्यानं जोरात घासायचं आणि नाकाशी न्यायचं. गंधकाचा वास आला की एबोनाइट. अर्थात मालकाला विचारून घासा. नाहीतर तुमचाही ‘कट्’ होईल.

पहिल्या दिवसासाठी माझा सल्ला: पाकीट खोलीवर ठेवूनच जा. अतिशयोक्ती वाटेल, पण पहिल्या तासात डोळे दिपलेले असतात. एक फेरी सगळ्या टेबलांची, फक्त बघत. दुसऱ्या फेरीला वहीत टीप: टेबल क्रमांक, पेन, किंमत, विकणाऱ्यानं काय सांगितलं. वही हवीच. शंभरेक टेबलं फिरल्यावर ते निळं पेन नेमकं कुठे पाहिलं होतं हे आठवत नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. जाणकार लोक पहिल्याच दिवशी सकाळी येतात, विक्रेते तर दारं उघडायच्या आधीच एकमेकांत देवाणघेवाण उरकतात. त्यामुळे एखादी दुर्मीळ वस्तू ठरवूनच आला असाल तर हा सल्ला विसरा आणि सगळ्या दिवसांचा प्रवेश घेऊन पहिल्या मिनिटाला आत शिरा.

सोबत काय न्यावं? दहापट दाखवणारं भिंग आणि छोटी विजेरी, या दोन गोष्टींनी मला वाचवलं. विजेरी व्हॅक्युमॅटिकसाठी. त्याच्या पोटावर एकाआड एक पारदर्शक कडी असतात, आतली शाई दिसावी म्हणून. जुन्या शाईनं ती काळवंडतात आणि मग सगळं पेन एकसारखं गडद दिसतं. उजेड आरपार गेला तर पेन नीट राखलेलं. भिंग पोटावरच्या आकड्यासाठी. पार्करवाले तिथे वर्षाचा शेवटचा आकडा छापत. आता ७ दिसला तर तो १९३७ की १९४७? मागची टोपी काढून भरायची दांडी पाहायची: ॲल्युमिनियमची असेल तर आधीचं, प्लॅस्टिकची असेल तर नंतरचं. मला आवडलेल्या पेनाची दांडी प्लॅस्टिकची होती आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं १९३७. विक्रेत्याला सांगितलं तर त्यानं खांदे उडवले. लबाडी होती की अज्ञान, कळलं नाही. मी पेन ठेवून पुढे गेलो.

निबकडेही भिंगातून बघाच. दोन्ही पात्या टोकाशी सारख्या पातळीत आहेत का, मधली चीर सरळ आहे का, आणि टोकावर तो कठीण धातूचा मणी शिल्लक आहे का. त्याला सगळे इरिडियम म्हणतात, पण त्यात बहुधा ऑस्मियम, रुथेनियमसारखे धातू असतात. मणी झिजून गेला असेल तर ‘१४ कॅरेट’ किंवा ‘५८५’ हा छाप (दोन्हींचा अर्थ एकच) फक्त सोनाराच्या कामाचा.

लिहून पाहणं ही वेगळीच विद्या आहे. बहुतेक टेबलांवर शाईची बाटली आणि कागद असतो, निब बुडवून लिहू देतात. पण बुडवलेली निब नेहमीच छान ओली लिहिते. फीड, म्हणजे निबेखालचा शाई आणून देणारा भाग, शाई नीट पुरवतो की नाही हे त्यातून कळत नाही. दोन-तीन ओळी सलग लिहा, पहिली शाई संपू द्या, मग काय होतं ते बघा. टेबलावरचा कागदही गुळगुळीत असतो, त्यावर खरखरीत निबही लोण्यासारखी चालते. मी रोजची वही नेली होती, तिच्यावर तीन आवडती पेनं नापास झाली. लिहून झाल्यावर निब पुसूनच परत द्या, त्यासाठी जुना सुती रुमाल खिशात ठेवा.

आणि लिहायचं ते आपल्या लिपीत. इथे मला या सगळ्या प्रवासाचं चीज झालं असं वाटलं. बहुतेक लोक पेन घेतलं की रोमन लिपीतली सही ठोकतात. मीही तेच करत होतो. मग एका टेबलावर सहज ‘ज्ञानेश्वर’ लिहिलं आणि इतका वेळ मऊ वाटणारी निब शिरोरेषेवर खरखरली. साहजिकच आहे. सहीमध्ये डावीकडून उजवीकडे इतकी लांब, सलग, सरळ रेघ कुठे असते? त्यानंतर प्रत्येक पेनानं मी एकच ओळ लिहिली, त्यात ळ, क्ष, ज्ञ, ष्ठ आणि द्ध होते. जाड निबेनं ‘द्ध’चं पोट बुजतं, हे दोन सेकंदांत कळतं.

निब घासून देणाऱ्या कारागिरांकडे नाव नोंदवायची वही सकाळी उघडते आणि तासाभरात भरते. मला दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ मिळाली. मी स्टब मागणार होतो, म्हणजे टोक चपटं. त्यानं उभ्या रेघा जाड येतात, आडव्या बारीक. कारागिरानं आधी मला पानभर लिहायला लावलं, पेन कसं धरतो, किती कलतं धरतो ते नुसतं पाहत राहिला. मग म्हणाला, “तुमच्या अक्षरांना वरून रेघ आहे. स्टबनं ती केसासारखी होईल. आर्किटेक्ट करून पाहायचं का?” आर्किटेक्ट म्हणजे बरोबर उलटं: आडवी रेघ जाड, उभी बारीक. काही जण या घासणीला अरबी किंवा हिब्रू असंही म्हणतात, कारण त्या लिप्यांना ती शोभते. देवनागरीचा विचार मी आयुष्यभर मराठी लिहूनही केला नव्हता.

त्यानं माझी साधी पोलादी निब घासली. मिनिटभर घासायचा, मला लिहायला द्यायचा, पुन्हा घासायचा. तिसऱ्या खेपेला शिरोरेषा ठसठशीत आली आणि खाली अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी लटकली. मी “अजून जाड करा” म्हटलं. त्यानं मान हलवली. घासलेला धातू परत येत नाही, दोन आठवडे लिहा, मग ठरवा. बरं झालं ऐकलं, कारण घरी जोडाक्षरं लिहिताना याहून जाड चाललं नसतं. तुम्ही जाणार असाल तर स्वस्त पोलादी निब न्या, तुमच्या रोजच्या शाईनं भरलेलं पेन न्या, आणि कारागिराला ‘काय हवं’ यापेक्षा ‘काय खुपतं’ ते सांगा.

शाईच्या टेबलांबद्दल थोडक्यात: शेकडो रंग, सगळे चाखून बघावेसे वाटतात, हातरुमाल वाया जातो. लिलावाला मी दहा मिनिटं बसलो आणि उठलो. तो पैसेवाल्यांचा खेळ आहे. व्याख्यानांपैकी नळी बदलण्याचं प्रात्यक्षिक तेवढं चुकवू नका, का ते पुढे येईलच.

घासाघीस चालते, पण तिलाही रीत आहे. मोबाइलवर दुसरीकडचा भाव काढून विक्रेत्याच्या नाकासमोर धरू नका, आणि इतर गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं खोड काढू नका. “यात काही कमी होईल का?” एवढं पुरतं, तेही शेवटच्या दिवशी दुपारी, जेव्हा सामान परत बांधून न्यायचा कंटाळा आलेला असतो. रोख पैसे सुट्या नोटांत ठेवा.

विमानानं परतणार असाल तर पेनं एकतर काठोकाठ भरा नाहीतर पूर्ण रिकामी करा, आणि निब वर करून ठेवा. अर्धवट भरलेल्या पेनात हवा असते, वर गेल्यावर केबिनमधला दाब कमी होतो, हवा पसरते आणि शाईला बाहेर ढकलते. माझ्या शर्टाचा खिसा साक्षीला आहे.

शेवटच्या दिवशी मी त्या पहिल्या टेबलाशी परत गेलो. वाकलेल्या लिव्हरचं पेन ट्रेमध्ये नव्हतं, बाईंनी ते खाली डब्यात टाकलं होतं. ते द्या म्हटलं, पूर्ण किंमत देतो. त्यांनी निम्मी घेतली, कागदाच्या पुडीत एक नवी नळी आणि ती चिकटवायला शेलॅकची (लाखेची) छोटी बाटली टाकली, आणि म्हणाल्या, “आता तुम्हीच बसवा.” लिव्हर चिमट्यानं सरळ करायला तीन संध्याकाळी गेल्या. आतला काळा चुरा अजून काडेपेटीत ठेवला आहे. पहिली नळी मापापेक्षा आखूड कापली गेली, दुसरी मागवावी लागली. आज ती बसवली. शेलॅक वाळायला रात्रभर द्यायचं असतं, म्हणून पेन अजून टेबलावर कोरडंच पडलंय आणि मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत बसून हे लिहितोय.