‘यात कला कुठे आहे?’ : माझ्या पीएचडीचा अनुभव

संशोधन आराखडा मांडून झाला आणि समितीतल्या एका सरांनी विचारलं, “हे समाजशास्त्रात चालेल. यात कला कुठे आहे?” विषय होता मुंबईच्या गिरणगावातली गाण्या-नाट्यांचे प्रयोग करणारी कलापथकं आणि त्यांच्या आसपासची चित्रं. नुसत्या चित्रकार चित्तप्रसादांवर काम केलंत तर लगेच मान्यता देऊ, असंही सुचवलं गेलं.

चित्तप्रसाद मला प्रियच. बडोद्याला कला-इतिहासात एमए करताना बंगालच्या १९४३च्या दुष्काळाची त्यांची रेखाटनं पाहिली, तेव्हाच पुढचा रस्ता ठरला. पण त्याच साली मुंबईत इप्टा ही डाव्या विचारांच्या कलावंतांची नाट्यसंघटना स्थापन झाली आणि तिचं नगारा वाजवणाऱ्याचं बोधचिन्ह त्यांनीच काढलं. ते बोधचिन्ह अभ्यासायचं आणि त्या चळवळीत गायले-नाचले त्यांना सोडून द्यायचं, हे मला पटेना.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा ठेवला, पण सुरुवातीच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन आणलं, कृष्ण-गवळणींचा भाग, म्हणजे गवळण, वगळली. प्रयोगाच्या रूपातच राजकारण घडत होतं, आणि रूप वाचणं हेच तर कला-इतिहासाचं काम! समितीपुढे मी हेच लावून धरलं. माझ्या मार्गदर्शक बाई भक्कम पाठीशी राहिल्या. शीर्षकात ‘दृश्य संस्कृती’ घालून विषय मंजूर झाला.

नोंदणी, कोर्सवर्क, सहामाही अहवाल हे सगळ्यांनाच चुकत नाही. खरी कसोटी साधनांची होती. चित्रं संग्रहालयांत मिळतात. प्रयोग कुठे शोधायचा?

लालबागच्या एका चाळीत, कलापथकातल्या एका दिवंगत झीलकऱ्याच्या, म्हणजे मुख्य शाहिराच्या मागून सूर धरणाऱ्याच्या, सुनेने ट्रंकेतून गाण्यांची वही काढली. शाई फिकी झालेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. समासात पेन्सिलीने उभ्या रेघा होत्या. मी विचारायच्या आत ताईंनी कडवं म्हणायला घेतलं आणि प्रत्येक रेघेपाशी टाळी दिली. “इथं मामंजी झील उचलायचे,” त्या म्हणाल्या. कुठे जोडरेघ होती, तिथे सगळ्यांनी पाऊल पुढे टाकायचं. आवाज, हालचाल, गर्दीकडे पाहणं, सगळं त्या समासात होतं. माझा तिसरा अध्याय पूर्णपणे त्या वहीवर उभा आहे, आणि प्रबंधातला तोच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सर्वाधिक वेळ त्या रेघांवरच घेतला. त्यांचा शेवटचा प्रश्न ताईंच्या परवानगीबद्दल होता. ताईंचं संमतीपत्र परिशिष्टात होतंच.

पदवीनंतर कायम नोकरी लगेच मिळाली नाही. बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. आता पूर्णवेळ शिकवते. माझे विद्यार्थी आंबेडकरी जलशांवर, म्हणजे गाण्या-नाट्यांतून आंबेडकरांचे विचार मांडणाऱ्या प्रयोगांवर, काम करू लागले आहेत. त्यांना मी एक गोष्ट बजावून सांगते: वही घरातून बाहेर न्यायची नाही. तिथेच बसून फोटो काढा, एक प्रत त्या कुटुंबाला छापून द्या आणि प्रबंधात वही जपणाऱ्या बाईचं नाव, तिची हरकत नसेल तर, पूर्ण लिहा.